चार दिवसांची लढाई आणि वकीलबाय

वाद घालायचा असला की वकीलबाय डोक्यावरची पाटी खाली उतरवत नसे. सुक्या बोंबलांची ती जड पाटी, वर ताडपत्रीचा तुकडा, आणि खाली मान ताठ ठेवून ती समोरच्याशी बोलत उभी. समोरचा गप्प झाला की मग हात वर करायची, "धर रे जरा," म्हणायची आणि पाटी माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकवायची. शाळेत ती कधी गेली नव्हती. बोईसरच्या बाजारात हे नाव तिला कोणी दिलं ठाऊक नाही, पण तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं मी कोणी पाहिलं नाही.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. तारापूरकडच्या कोळीवाड्यातून ती आठवड्यातून दोनदा बाजाराला यायची. आमची ओळख झाली ती अर्जामुळे. तिचा मुलगा हरेश गुजरातच्या एका बोटीवर खलाशी होता. इंजिन बंद पडून बोट वाहत सागरी हद्दीपलीकडे गेली आणि पाकिस्तानच्या गस्ती बोटीने सातही जणांना धरून नेलं. शिक्षा भोगून संपली, तरी सुटका होत नव्हती. दर दोन-तीन महिन्यांनी ती नवा अर्ज लिहून घ्यायला यायची. मी लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावायची आणि मध्येच अडवायची.

"कृपावंत होऊन कशाला? त्यानं सजा भोगली ना? मंग नुसतं 'सोडा' लिव."

"मावशी, सरकारी अर्जात असं लिहीत नाहीत."

"म्हनून तर सोडत नाय."

शेवटी 'सोडावे, ही विनंती' यावर आमची तडजोड व्हायची. अर्जावर फोन नंबर माझ्या दुकानाचा असे, कारण तिचा मोबाइल मीठपाण्यात कधी टिकलाच नाही.

मग उन्हाळ्यात पाकिस्तानशी ती चार दिवसांची लढाई झाली. काश्मीरात फिरायला गेलेल्या निरपराध माणसांना अतिरेक्यांनी मारलं होतं. राग सगळ्यांनाच होता, तिलाही. माझ्या दुकानात पेपर वाचायला येणारे निवृत्त शाळामास्तर, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, आणि कारखान्यात सुपरवायझर असलेला नीलेश, या दोघांचा सकाळपासून वाद रंगला होता. खरं तर वाद नव्हताच, दोघं एकच म्हणत होते. "एवढ्या मोठ्या देशानं लहान शेजाऱ्याला एकदा धडा शिकवलाच पाहिजे," असं सर म्हणाले. नीलेशला तेवढं पुरेसं नव्हतं. त्याला नकाशाच बदलून हवा होता.

पाटी घेऊन वकीलबाय दारात आली. "मारायला आले त्यांना मारा. मी कशाला अडवू? आपली मेली ती पन कोनाची तरी पोरं होती. पन तुमचा बाँब पडनार कुठं, ते आदी सांगा. माजा पोर तिथं हाय."

"मावशी, तुरुंगावर कोणी बॉम्ब टाकत नाही," सर समजुतीच्या सुरात म्हणाले.

"कुठं टाकायचा ते तुमी ठरवता काय, सर?"

सर हसले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

त्या दिवसांत बातमी ऐकायला ती रोजच यायला लागली. दुसऱ्या दिवशी लढाई किती दिवस चालेल यावर बोलणं आलं. सर म्हणाले, फार तर आठवडाभर, छोटीच लढाई आहे. तेव्हा वकीलबायने स्वतःची गोष्ट सांगितली. समुद्रात खांब रोवून जाळी लावायच्या जागांवरून तिच्या माहेरच्या आणि सासरच्या गावात पूर्वी तंटा झाला होता. तिच्या सासरचं गाव मोठं, बोटी जास्त. एका सकाळी दोन्हीकडच्या बोटी भर पाण्यात समोरासमोर आल्या. दगड, बांबू, जे हाताला लागलं ते फेकलं. "माजा नवरा हिकडच्या बोटीत, माजा भाऊ तिकडच्या. दुपारपतूर सगळं मिटलं. आमी जितलो. भावाचा एक डोळा गेला. सात वरसं तो माज्या दारात आला नाय. आता तुमीच सांगा सर, ती लढाई दुपारपतूरची की सात वरसांची?"

तिसऱ्या दिवशी मात्र आमच्याकडेही धावपळ सुरू झाली. तारापूरचं अणुकेंद्र आमच्या दारात. संध्याकाळी दिवे घालवायच्या सूचना आल्या, भोंग्याची चाचणी झाली. नीलेशने सकाळीच बायको आणि दोन्ही मुलं जव्हारला सासुरवाडीला पोचवली होती. वकीलबायला ते कळलं होतं.

"पोचली पोरं?" तिने विचारलं.

"पोचली."

"बरं केलंस. तिथल्या बायांनी पन पोरं हलवली असतील. माजा पोर हलवायला तिथं कोन हाय?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पण नीलेशला तो लागला. आदल्या रात्री तो झोपला नसावा. एकदम उसळून म्हणाला, "मग काय, एका खलाशापायी देशाने थांबायचं?"

दुकानात आम्ही पाच-सहा जण होतो. मी झेरॉक्सच्या मशिनमधला कागद नीट करत राहिलो. सरांनी पेपर वर धरला. वकीलबायने कोणाला 'धर' न म्हणता पाटी एकटीनेच खाली उतरवली आणि पायरीवर पाठमोरी बसली. त्या दिवशी तिने बाजार केला नाही.

चौथ्या दिवशी लढाई थांबली. अजून दोन दिवस चालायला हवी होती, असं बरेच जण बोलत होते. सोमवारी ती आली आणि म्हणाली, "या बारीला सोडा-बिडा काय लिवू नको. जित्ता हाय का, एवढंच इचार."

पावसाच्या तोंडावर माझ्या दुकानात सरकारी कार्यालयातून फोन आला. फोनवरचा अधिकारी सभ्यपणे बोलत होता. हरेश आजारी पडून तुरुंगातच वारला होता. तारीख मी दोनदा विचारून घेतली. लढाई सुरू व्हायच्या तीन आठवडे आधीची होती.

मी दुकान बंद करून कोळीवाड्यात गेलो. ती बांबूवर टांगलेले बोंबील उलटत होती. मला तिथे पाहून तिने ओळखलं असणार, कारण मी याआधी कधीच तिच्या घरी गेलो नव्हतो.

"कदी?" एवढंच तिने विचारलं.

मी तारीख सांगितली. ती बोटांवर मोजत राहिली. "म्हंजे मी तुमच्याशी भांडत व्हते, तवा तो नव्हताच."

तिचा हात पुन्हा बोंबलांकडे गेला. एक ओळ संपवून तिने विचारलं, "बोटीवरची बाकीची सा पोरं? त्यांचं इचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

"मंग इचार," ती म्हणाली आणि घरात गेली. आतून, माहेरी आलेल्या लेकीच्या नावाने मारलेली हाक ऐकू आली, आणि त्यानंतरचं रडणं.

लढाईत सरहद्दीचं फाटक बंद झालं होतं. माणसं अडकली तशी हरेशची शवपेटीही अडकली. मी अर्ज करत राहिलो, आता तिच्या हरेशच्या मढ्यासाठी आणि त्या सहा जणांसाठी. कधी कागद अपुरा, कधी शिक्का नाही, कधी विमानाचं जमत नाही. पाऊस अर्धा सरला तेव्हा पेटी आली. उघडू नका, असं सांगून गाडीवाला निघून गेला. तिने उघडायला लावली. एकटीच वाकून पाहत राहिली, मग आपणच झाकण लावलं.

खांदा द्यायला नीलेश पुढे झाला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून त्याला जागा दिली. स्मशानात सर दोन शब्द बोलायला उभे राहिले. त्यांच्या तोंडून 'शहीद' शब्द निघाला, तशी ती बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "सर, तसं नका बोलू. तो मासे पकडायला गेलेला." पुढचं भाषण झालं नाही.

गणपतीनंतर ती वाणगावला लेकीकडे कायमची राहायला निघाली. मी तिची पिशवी घेऊन एसटी स्टँडवर सोडायला गेलो. एक गोष्ट मी इथवर लिहायची टाळली आहे. लढाई सुरू झाली त्या सकाळी, ती यायच्या आधी, सर आणि नीलेश या दोघांपेक्षा मोठ्या आवाजात मीच बोललो होतो. "होऊन जाऊ दे एकदाचं. मरतील ते मरतील." हरेशच्या नावाचे अर्ज माझ्या टेबलावर पडलेले असताना मी हे बोललो होतो. ते मनातून जात नव्हतं, म्हणून बस लागल्यावर मी तिला सांगून टाकलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी तवा बाहेरच उभी व्हते."

"मग मावशी, त्यानंतरही तुम्ही माझ्याकडेच का येत राहिलात?"

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"अर्ज दुसरा कोन लिवनार व्हता?" असं म्हणून ती बसमध्ये चढली.