मामांच्या लढाईतले मेलेले

माझ्या मामांइतकी माणसं अख्ख्या कल्याणात कुणी मारली नसतील. तीही भरदुपारी, खाडीकाठच्या रिकाम्या भाताच्या वखारीत, आणि मरून झाल्यावर प्रत्येकाला गूळपाणी देऊन. घाटावरच्या एका संस्थानिकांनी आपल्या पूर्वजाच्या लढाईचं भिंतीएवढं चित्र मामांना काढायला सांगितलं होतं. राजाच्या घोड्यापुढे प्रेतांचा खच हवा, अशी आज्ञा होती, आणि मामांना प्रत्येक प्रेतासाठी समोर जिवंत माणूस लागे. रस्त्यात कुणी धडधाकट दिसला की ते त्याला नखशिखांत न्याहाळत आणि फार मायेनं विचारत, "उद्या दुपारी मरायला येतोस का?" परक्याला घेरी यायची; कल्याणकर मात्र "उद्या नको, परवा मरतो" म्हणून पुढे जात. मी स्वतः पालथा पडून मेलो आहे. शेजारचा तांबट मरता मरता घोरू लागे. मिठागरावरचा कोंडू आगरी इतका हुबेहूब मरे, की मामी त्याची दृष्ट काढायची.

चित्र पुरं होत आलं आणि गावात प्लेग शिरला. घरंदारं सोडून आम्ही रानात झोपड्या बांधल्या. तांबट गेला, कोंडू गेला. मग मामी गेली. साथ ओसरल्यावर मामांनी वखारीचं दार आतून लावून घेतलं. मी दाराशी जेवण ठेवून यायचो.

संस्थानचे कारभारी चित्र न्यायला आले तेव्हाच ते दार उघडलं. चित्रात प्रेतं नव्हतीच. तांबट पागोटं बांधत होता, कोंडू कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून उभा होता. सगळेच उभे होते.

कारभाऱ्यांनी राजाच्या घोड्यापुढची जागा पुन्हा एकदा निरखली. "एवढी लढाई झाली आणि मेलं कुणीच नाही?"

"मेले तेवढे पुरे झाले," मामा म्हणाले.

कारभारी भले गृहस्थ. पुन्हा आडवे करा, सरकार थांबतील, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. मामांनी कुंचले धुऊन ठेवले. काम गेलं. कोंडूची बायको मात्र मुद्दाम येऊन चित्र बघून गेली. "त्याला उबा केलास, बरा केलास," एवढंच बोलली.

मामीला त्यांनी त्यात काढलं नव्हतं. पुढे कितीतरी दुपारी ते कोरा कागद घेऊन बसत, दोन रेघा ओढत आणि थांबत. एकदा मी जवळ बसलो होतो. कागद उलटा ठेवून ते म्हणाले, "ती रोज ताट घेऊन वखारीत यायची रे. मी वर बघितलंच नाही."