नवा हरीक

मिठाचा सत्याग्रह झाला त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. खेडहून सह्याद्रीकडे चढणाऱ्या पायवाटेनं मी एका वाडीवर दारूबंदीचं भाषण करायला निघालो होतो. पिशवीत दोन पत्रकांचे गठ्ठे होते, दोन्ही पत्रकं मीच लिहिलेली. एक दारूविरुद्ध. दुसऱ्यात, गिरणीचा पांढरा तांदूळ सोडा आणि डोंगरउतारावरची नाचणी, वरी, हरीक खा, असा उपदेश होता. ही धान्यं नांगराच्याही आधीची, असं मी कुठंतरी वाचलं होतं आणि मोठ्या ठशात छापून टाकलं होतं. हरीक मात्र तोवर चाखलाही नव्हता.

बोलावणं वाडीतल्या एका वहिनींचं होतं. त्यांचा नवरा कष्टाळू आणि गमत्या, पण तिन्हीसांजेला पिऊन पडायचा. चार माणसांत कुणी शिकलेल्यानं समजावलं तर शपथ घेईन, असं तो एकदा बोलून गेला होता. वहिनींनी ते धरून ठेवलं होतं.

माझ्यासाठी त्यांनी तांदूळ काढून ठेवले होते. मी हात जोडले. "वहिनी, तुम्ही खाता तेच मला वाढा."

"पाव्हण्याला भात नको? बरं, नाचणीची भाकर देते."

खळ्यात हरीक वाळत पडला होता. मी तिकडे बोट दाखवलं. "ते शिजवा."

त्या गोंधळल्या. "दादा, ह्यो नवा हाय. नवा हरीक चढतो. वरीस गेल्याबिगर आमी खात नाय. आन् जुना तर पावसातच सरला."

"धान्य कसं चढेल? ही खुळी समजूत आहे," मी म्हणालो. खुळ्या समजुतींवरचं माझं पत्रक तेव्हा छापखान्यात होतं.

नवरा ओटीवर सुपारी कातरत होता. "वाढ गो. त्यांनी छापलंय, म्हंजे खरंच असंल."

वहिनींनी हरीक भरडला, पाखडला, शिजवला आणि कुळथाच्या पिठल्याबरोबर वाढला. मातकट, किंचित कडसर भात. तत्त्वासाठी मी दोनदा मागून घेतला. त्या मात्र दारात उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

दुपारी खळ्यात पंधरावीस माणसं जमली. मी उभा राहिलो आणि समोरचा फणस हलकेच बाजूला सरकला. "बंधूंनो," म्हणालो. जीभ जड झाली होती. "दारू माणसाचे पाय..." इथं माझेच पाय गेले आणि मी पेंढ्यात बसलो. उठू बघितलं, पुन्हा बसलो. मग पोटातलं सगळं बाहेर आलं.

"दादा, कंच्या भट्टीची?" कुणीतरी विचारलं. खळं हसून लोटपोट झालं. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची सभा मी बुडवली होती.

मला उचलून आत नेलं ते त्यांच्या नवऱ्यानं. त्यानंच माझं तोंड धुतलं, मान धरून ताक पाजलं. मी काहीतरी बरळत होतो, बहुधा पत्रकातलंच. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि बायकोला म्हणाला, "मी बी असाच दिसतो?"

वहिनी ताक घुसळत होत्या. "हे हलके हायत," त्या म्हणाल्या. "तुमाला उचलताना माझी कंबर जाते."

शपथ त्या दिवशी कुणीच घेतली नाही. सकाळी वहिनींनी त्याच तांदळाची मऊ पेज पुढं ठेवली. मी मुकाट्यानं प्यायलो आणि धान्याच्या पत्रकांचा गठ्ठा चुलीसाठी ठेवून आलो.

पुढच्या दिवाळीनंतर वाडीवर गेलो तो निव्वळ माफी मागायला. तिन्हीसांज होत आली होती. नवरा खळ्यात दोरी वळत बसला होता, हात स्थिर. मला बघून त्यानं आत हाक दिली, "अगो, आपले झिंगलेले दादा आले."

वहिनींनी न विचारता पान मांडलं. त्यावर हरकाचा भात होता. मी थबकलो.

"खावा," त्या म्हणाल्या. "ह्यो तुमच्याच खेपेचा. वरीस झालं त्याला." मग नवऱ्याकडे मान वळवून हळूच म्हणाल्या, "ह्यांना बी होत आलं."