दोन घंटांमधला ओढा

व्होल्गाकाठच्या आमच्या जर्मन वस्तीत चर्चची घंटा वेंडल वाजवायचा. लग्न, मयत, रविवारची उपासना, सगळं त्याच्याच हातचं. पण खरं काम हिवाळ्यातलं. माळावर बर्फाचं वादळ उठलं की ते शमेपर्यंत घंटा थांबवायची नाही; वाट चुकलेला माणूस तिच्या आवाजावर घर गाठतो. वेंडलने अशी कितीतरी माणसं घरी आणली होती, आणि दोन घोट पोटात गेले की तो ती एकेक करून ऐकवायचाही.

आमच्याकडे पोरांना कधी तोटा नव्हता. चर्च इतकं भरायचं की जावईमंडळी बाहेर चिखलात उभी राहून प्रवचन ऐकत. शेवटी तरण्यांनी ओढ्यापलीकडे नवं गाव वसवलं आणि शहाण्यांनी चर्चची हद्द वाटली. ओढ्याच्या पलीकडे नवं चर्च, नवी घंटा, आणि ती वाजवायला वेंडलचा मेहुणा कास्पर. हद्द आखताना पाळणे मोजले, बाकं मोजली. वादळ कुणाच्या टाळक्यात आलं नाही.

त्या जानेवारीत वेंडलचा एकुलता एक मुलगा एमानुएल घोड्याची घसरगाडी घेऊन माळावरच्या गंजीतलं गवत आणायला गेला होता. भर दुपारी वादळ उठलं. वेंडल बायकोसोबत घंटेच्या मनोऱ्यात चढला आणि त्याने दोरी धरली. दम घ्यायला थांबला तेव्हा वाऱ्यातून पलीकडची घंटा ऐकू आली, आणि तो पांढराफटक पडला.

"साबीना, पोरगं चकरा मारतंय गं. इकडं निघालं की तिकडून हाक, तिकडं वळलं की इकडून."

त्याने दोरी सोडली.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला? वाजवा!" बायको दोरीला झोंबली.

"नको! एकच ऐकू दे त्याला. मामाकडं तरी पोचेल."

"आणि नाही पोचला तर?"

 वेंडलने तिचे हात धरून ठेवले. खाली गावकरी मनोऱ्याच्या बंद दारावर लाथा घालत होते, बाप आहेस की वैरी म्हणून ओरडत होते. पलीकडची घंटाही आता ऐकू येत नव्हती. वारा फिरला असेल, असं तो पुटपुटत राहिला.

वादळ निवल्यावर एमानुएल ओढ्याच्या काठी सापडला, घोड्याच्या पोटाला बिलगलेला. दोघंही गोठलेले. पलीकडून कास्पर धावत आला.

"दाजी, तुमच्या घंटेवर वाढलेलं पोर. ती नीट ऐकू यावी म्हणून मी माझी थांबवली हो!"

साबीना भावाच्या अंगावर धावून गेली, मग नवऱ्याच्या, आणि मधेच बर्फात बसली.