धनेश नव्हे, गरुड

शेजारचे काका वाघाला घाबरले नसते, पण ‘धनेश’ हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारला की त्यांचा चेहरा उतरायचा. "हळू हो! हिंदीतही धनेशच म्हणतात. गरुड म्हणा." सिंधुदुर्गातल्या त्यांच्या गावी या पक्ष्याला गरुडच म्हणत. लखनौत निवृत्त झालेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाने गावचा तो शब्द पक्षी लपवायला जपून ठेवला होता.

भीतीला कारण होतं. सांधेदुखीवर म्हणून धनेशाचं तेल विकणारे इकडे फिरतात, आणि आमच्या फाटकाजवळच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत मादी बसली होती. ती स्वतःला आत लिंपून घेते. चोच मावेल एवढीच फट ठेवते. नर मेला तर ती आणि पिल्लं, सगळीच उपाशी.

"आमच्याकडचे मोठे, दाट रानातले. हा त्यांचा शहरातला गरीब चुलतभाऊ," काका म्हणायचे. घारीएवढा, राखाडी, लांब शेपटीचा, चोचीवर शिंगासारखा उंचवटा. नर गळ्यात उंबरं भरून आणायचा आणि एकेक काढून फटीत द्यायचा, कधी सरडाही. मी मोजायचो. "हिशेबनीस, मोजू नका, नजर लागेल," काका म्हणत, आणि तो उडाला की हळूच विचारत, "किती झाली?"

मे महिन्यात एका दुपारी तेलवाला फाटकाशी थांबला. झोळीतून गलोल डोकावत होती. "बाबूजी, इधर धनेश बैठता है क्या?" नर नेमका त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसला होता. काका घाईने पुढे झाले.

"धनेश? अरे भैया, यहाँ तो गरुड आता है. विष्णु भगवान की सवारी. उसका तेल निकालोगे?"

"राम राम, बाबूजी!" तेलवाल्याने कान पकडले. तो वर पाहणार, तोच काका पायरीवर बसले आणि त्यांनी गुडघा पुढे केला. "ज़रा ये देखो, बहुत दुखता है."

मालिश संपेपर्यंत त्याची मान खाली होती. वर उंबरं दिली जात होती. त्या दिवशी मी मोजायला विसरलो.

काकांनी तेलाची बाटलीही घेतली. तो गेल्यावर ती आंब्याखाली पुरली. "या बाटलीत कोण असेल, कुणास ठाऊक," म्हणाले. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ते रोज दुपारी फाटकाशी खुर्ची टाकून बसले.

त्या हिवाळ्यात काका वारले.

या एप्रिलमध्ये ढोली पुन्हा लिंपली गेली. परवा माझी मुलगी गॅलरीतून ओरडली, "पापा, धनेश आ गया!"

मी आधी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणालो, "हळू. गरुड म्हण."