शेऱ्याचा रकाना

अंगात आलेल्या एका बाईला मी एकदा भर गर्दीत सांगितलं होतं, "देवी, तुमचं दूध उतू चाललंय." देवी जी उठली ती थेट चुलीकडे पळाली. तेव्हापासून त्या खात्याशी माझा संबंध संपला. नवस नाही, उतारा नाही, काळी बाहुली नाही. सत्तरी आली तरी अमावस्येला केस धुते. एवढं वाचून मग पुढचं वाचा, म्हणजे म्हातारीला चळ लागलाय असं वाटणार नाही. वाटलं तरी माझी हरकत नाही म्हणा…

हे लिहायला कारण माझी नात. ती पुण्यात एका सॉफ्टवेअरच्या स्टार्टअपमध्ये आहे. कोड लिहीत नाही, 'बिझनेस' बघते. मागच्या महिन्यात तोंड पाडून घरी आली. तिथली कोड लिहिणारी पोरं तिला म्हणाली म्हणे, "आम्ही बनवतो, तू नुसती बोलतेस. तू नक्की करतेस काय?" मला हसू आलं. हाच प्रश्न मला पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या नणंदेनं विचारला होता. त्याचं जे उत्तर मिळालं ते नातीला सांगायला मात्र मला तीन दिवस लागले.

केजला बसस्टँडच्या मागं, खताच्या दुकानावर दहा बाय बाराची एक खोली. तिथं आमची कंपनी. स्टार्टअप हा शब्द तेव्हा आमच्याकडे आला नव्हता. घरातले 'ह्या दोघींचे उद्योग' म्हणायचे. माझी धाकटी नणंद वसुधा औरंगाबादला कॉम्प्युटर शिकून आली होती. ती प्रोग्राम लिहायची. आणि मी? मी बी.कॉम. नापास, पण जीभ फर्स्ट क्लास. वसूनं आज जे बनवलंय ते आणि वसू पुढच्या जन्मी जे बनवेल ते, दोन्ही मी आजच विकून यायचे.

आमच्याकडे कॉम्प्युटर एकच. डेमोला जायचं म्हणजे मॉनिटर गोधडीत गुंडाळायचा आणि एसटीत मांडीवर घेऊन बसायचं, सीपीयूचा डबा वसूच्या पायाशी. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, लेकराचं तोंड तरी उघडं ठेवा, गुदमरंल की!" मी म्हटलं, "याला हवा लागली की रडतंय हो."

असल्या भपक्यावर आमचा धंदा चालायचा.

त्या साली पावसानं सलग तिसऱ्यांदा दगा दिला होता. दिवाळीआधीच गावंच्या गावं ऊसतोडीला निघून गेली. नांदूरघाटला तोडणी मजुरांची एक सहकारी संस्था होती, तिच्या चेअरमनना मी बाजारात गाठलं. त्यांची अडचण साधी होती. माणसं घाटाखाली जातात, टोळ्या या फडावरून त्या फडावर हलतात, आणि मागं राहिलेली म्हातारी माणसं संस्थेच्या दारात येऊन विचारतात — आमचं माणूस कुठाय?

मी ताबडतोब म्हटलं, "नाव टाकायचं, की माणूस कुठं आहे ते कॉम्प्युटर सांगतो."

घरी येऊन वसूला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली.

"वहिनी, आपण जे टाकू तेवढंच ते सांगणार. त्याला काय दिव्यदृष्टी आहे?"

"ते तुझं तू बघ. मी शब्द दिलाय."

"तुम्ही नुसते शब्दच देता. बनवायचं मी. तुम्ही नक्की करता तरी काय हो या कंपनीत?"

मला राग आला. रविवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. वसू डेमोसाठी खोटी माहिती भरत होती. अबक, कखग, गाव एक, गाव दोन. मी म्हटलं, "सरक. अबकला कोण विचारतंय? चेअरमनना माणसं दिसली पाहिजेत." आणि मी मनानं चाळीस माणसं रचायला बसले. मराठी टाईप करणं फक्त वसूला यायचं, तेही कुठलं तरी आडवंतिडवं बटण दाबून. म्हणून मी सांगायचे आणि ती टाकायची. नाव, गाव, सध्याचा मुक्काम, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात सगळ्यांना 'ठीक'.

एकोणचाळीस झाल्यावर मी थांबले. काय अक्कल पाजळली बघा माझी. म्हटलं, "वसू, सगळेच ठीक असतील तर हे मशीन कुणी कशाला घेईल? एखादं तरी माणूस अडचणीत पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे लिही… प्रयाग उद्धव. गाव धर्मापुरी. मुक्काम…" मला घाटाखालची गावं माहीत नव्हती. वसूच्या कानावर तांबडं पेन खोचलेलं होतं. "मुक्काम तांबडमळा. शेरा, तापाने पडून, सोबत कोणी नाही."

"असलं कशाला वहिनी?"

"आणि ती ओळ लुकलुकू दे."

वसूनं ती ओळ लुकलुकती केली. मी स्वतःवर इतकी खूष झाले की खाली जाऊन दोघींना भजी आणली.

मंगळवारी नांदूरघाटला डेमो. संस्थेच्या खोलीत चेअरमन, दोन संचालक, आणि कोपऱ्यात रांजणात पाणी ओतणाऱ्या मथुराबाई. टँकर आला की घागरी भरून संस्थेत पाणी आणायचं त्यांचं काम. पन्नाशीची, वाळलेली बाई. मी मोठ्या आवाजात नावं वाचत गेले. ठीक, ठीक, ठीक. मग ती ओळ आली. प्रयाग उद्धव, धर्मापुरी. ओळ लुकलुकली, संचालक खुर्च्या ओढून पुढं सरकले. मी मनात म्हटलं, गेलं गिऱ्हाईक गळाला. आणि वसूच्या कानात पुटपुटले, पण माझं पुटपुटणंही खोलीभर ऐकू जातं, "प्रयागला तूच टाकलीस ना? जरा मोठ्या अक्षरात टाकायचीस."

मागं घागर फुटली.

"तिला टाकली हे तुमाला कुणी सांगितलं?" मथुराबाई होत्या.

आमच्या बोलण्यात टाकणं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये नाव भरणं. त्यांच्या बोलण्यात बाई टाकणं म्हणजे नवऱ्यानं तिला सोडून देणं. मला हे कळायला वेळ लागला.

"उद्धवनं माझ्या लेकीला टाकली," त्या म्हणाल्या. "महिना झाला. तिनं गावच्या मानसाच्या हाती निरोप धाडलाय. मी कुणाला बोलले न्हाई, घरात बी न्हाई. धर्मापुरीलाच दिलीय तिला. तुमच्या ह्या पेटीला कावून ठावं?"

चेअरमन माझ्याकडे वळले. "ताई, हे खरं हाय का?"

आता बघा. एक वाक्य बोलायचं होतं. 'अहो, ही नावं मी मनानं रचली आहेत.' वसू माझ्या दंडाला चिमटा काढत होती. पण डेमो रंगात आला होता, आणि संचालकांचे डोळे मी ओळखत होते. मी म्हटलं, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

मथुराबाईंनी पदरानं हात पुसले आणि तशाच निघाल्या. मांजरसुंब्याकडे जाणारी जीप बाहेर उभी होती.

डेमो संपला, चेअरमननी पसंती दिली, चहा आला. वसूनं कपाला हात लावला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "ती बाई तुमच्या खोट्या गावाला निघालीय. जा आणि तिला सांगा. नाही तर मी पुन्हा तुमच्यासाठी एक अक्षर लिहिणार नाही." तिनं मॉनिटर गोधडीत गुंडाळला, डबा काखेत मारला आणि केजची गाडी धरली. मी मांजरसुंब्याला गेले.

तिथं धाब्यासमोर मथुराबाई एसटीची वाट बघत उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. नाव मी रचलं, गाव मी रचलं, ताप मी रचला. असं गावच नाही, मावशी. मी मनानं लिहिलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मनानं? कुनाच्या?"

मी रस्त्याकडे बघायला लागले.

"तुमाला यायचं तर या," त्या म्हणाल्या, "न्हाईतर वाट सोडा. गाडी आली."

मी चढले. का चढले ते विचारू नका. बहुतेक तिथं पोचल्यावर तरी या बाईला माझं खोटं पटेल, म्हणून.

बुधवारी सकाळी आम्ही उसाच्या मुलखात उतरलो. तिकडे कालव्याला पाणी होतं, हिरवंगार. मथुराबाईंनी पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहावाल्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, शाळेच्या मास्तरांना विचारलं. तांबडमळा कुणी ऐकला नव्हता. मी दर वेळी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होते. मग उसानं भरलेली एक बैलगाडी आली. गाडीवान आमच्याकडचा, बोलीवरून लगेच कळलं.

"तांबडमळा?" तो हसला. "ते आमीच ठेवलेलं नाव हाय मावशी. तितली माती तांबडी हाय ना. पंधरा दिस बी झाले न्हाईत. पर टोळी हलली की परवा तितनं."

पंधरा दिवसांपूर्वी चारदोन तोडणीवाल्यांनी गमतीनं ठेवलेलं नाव. कुठल्या नकाशात नाही, कुठल्या कागदावर नाही. मी केजमध्ये पेन बघून उच्चारलेलं.

"आन प्रयाग?" मथुराबाईंनी विचारलं.

त्याचं हसू गेलं. "ती आजारी हाय. चालवत न्हवतं तिला. मुकादम म्हनला, दोन दिसांनी गाडी धाडतो…"

मोकळ्या तांबड्या रानात पाचटाची एकच झोपडी, कोपी म्हणतात तिला, उभी होती. बाकीच्यांच्या नुसत्या चुली राहिल्या होत्या. आत प्रयाग. एकोणीस वर्षांची, पोतं अंगावर ओढून पडलेली. शेजारी तांब्या, कोरडा. अंगाला हात लावला तर तवा.

मथुराबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "कवाधरनं ताप हाय गं?"

"आईतवार," ती म्हणाली. "दुपारपस्नं. त्याच्या आधी काईच न्हवतं आये. चांगली ऊस बांधत होते. एकदमच झालं."

रविवार, दुपार. मी मागच्या मागं कोपीच्या बाहेर आले आणि मातीत बसले.

त्याच बैलगाडीतला ऊस उतरवून आम्ही तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण मला बाजूला घेऊन सांगितलं, फार उशीर झालाय. मथुराबाई खाटेवर बसून लेकीचे तळपाय चोळत होत्या. मी समोरच्या एसटीडी बूथवर गेले आणि खतवाल्याच्या फोनवर वसूला बोलावून घेतलं.

"वसू, मुलगी सापडली, तांबडमळ्यातच. तो शेरा बदल."

"वहिनी, मुलगी सापडली ना? मग?"

"शेरा बदल म्हणते ना!"

"अहो, ती नुसती अक्षरं आहेत. तुम्हाला झालंय काय?"

"असू देत अक्षरं. बरी आहे, असं टाक. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

ती हळूच म्हणाली, "लाईट नाही. कालपासूनच नाही. संध्याकाळी सहाला येणार म्हणतात."

"मग सहापर्यंत तिथून हलू नकोस."

दुपारभर मी दवाखान्याच्या घड्याळाकडे बघत बसले. हसाल तुम्ही. उतारा टाकणाऱ्या बायांची थट्टा करणारी मी, लोडशेडिंग संपायची वाट बघत होते. चारच्या सुमाराला प्रयागनं डोळे उघडले, आईला ओळखलं, दोन चमचे पाणी प्याली. पाचला तिचं अंग थंड व्हायला लागलं. मथुराबाई म्हणाल्या, "ताप उतरला बघा." मी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. साडेपाचला ती गेली.

साडेसहाला मी पुन्हा बूथवर गेले. वसू फोनपाशीच उभी होती. तिचा आवाज मी ओळखलाच नाही.

"वहिनी, तुम्ही कुणाला पाठवलं होतं का इथं?"

"कुणाला पाठवू?"

"मी दुपारपासून दाराशी बसलेय. किल्ली माझ्याकडे. आत्ता लाईट आली, मशीन सुरू केलं, शेरा बदलायला गेले… तो बदललेलाच आहे."

"काय लिहिलंय?"

"आता ताप नाही. सोबत आई आहे."

ओळ लुकलुकत नव्हती, असंही ती म्हणाली.

कालच्या डेमोनंतर त्या मशीनला वीज मिळाली नव्हती. मराठी टाईप करणं वसूशिवाय कुणाला येत नव्हतं. ती आजही शपथेवर सांगते की तिनं हात लावला नाही, आणि ती माझ्यासारखी नाही, ती खोटं बोलत नाही. मथुराबाईंना हे सांगावं की नाही यावर आम्ही दोघी वर्षभर भांडलो. शेवटी वसूनंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरंच लिवलंय ना? होतेच मी."

नातीला मी विचारलं, या सगळ्यात माझं काम काय होतं सांग. मग मीच सांगितलं. अडचण नसली तर ती रचायची आणि मग तिच्यावरचा उपाय विकायचा, हे माझं काम होतं. आणि ते मी इतकं छान केलं की आठवड्याभरात आमच्या जिन्यावर रांग लागली. नांदूरघाटहून, धर्मापुरीहून, कुठून कुठून माणसं आली. हातात चिठ्ठ्या. "बाई, एवढं नाव टाका." चेअरमन स्वतः आले, म्हणाले, "ताई, मशीन तर चालतंय की तुमचं! आमी घेतलं!" एवढी गिऱ्हाइकं माझ्या दारात आयुष्यात कधी आली नव्हती. मी आतून कडी लावली आणि जिन्यावरची पावलं कमी होईपर्यंत बसून राहिले. वसूनं त्याच दिवशी सगळं पुसून टाकलं. पुढं ती नोकरीला गेली, मी शिलाई मशीन घेतलं.

मी लिहिलं म्हणून घडलं, की घडणारच होतं ते माझ्या तोंडून निघालं? शिकलेल्या माणसांना विचारलं, ते योगायोग म्हणतात. म्हणू देत. प्रयाग नावाच्या बायका आमच्याकडे पुष्कळ, उद्धवही पुष्कळ. तांबडमळ्याचं काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

उरलेली एकोणचाळीस नावं मला अजून पाठ आहेत. सगळ्यांपुढं मी 'ठीक' लिहिलं होतं, आणि तेही वसूनं पुसलं. लग्नाकार्यात नवीन माणसं भेटली की मी गाव विचारते, नाव विचारत नाही.