सहाव्या वळणाची गादी

बसस्टॉपच्या समोर, सायकलवाला आणि औषधांचं दुकान यांच्या मधोमध एक अरुंद गाळा होता. बाहेर पाटी होती, 'सोफे, गाद्या, गाडीच्या सीटा'. आत छतापर्यंत फोमचे ठोकळे रचलेले, आणि त्यांच्या खिंडीत मशीनवर वाकलेल्या गादीमावशी. त्यांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, पण परवाना फोमच्या मागे गेलेला. त्यामुळे गेली तीस वर्षं लहानथोर सगळे त्यांना गादीमावशीच म्हणत.

मावशींना एक खोड होती. कुठेही गेल्या तरी बसण्याआधी गादी दाबून बघायची. एकदा दवाखान्यात तपासायच्या टेबलावर झोपायला सांगितलं, तर या आधी कोपराने टेबल चाचपत बसल्या. डॉक्टर वैतागून म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला तपासायचं की तुम्ही मला?" मावशी म्हणाल्या, "तुम्ही मला तपासा. पण हे टेबल माझ्याकडे पाठवून द्या, बिचाऱ्याची कंबर गेलीय."

घरात त्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे काका. काका पोस्टमन होते. निवृत्त झाल्यापासून दुकानात बसून पेपर वाचत आणि मदत करायला टपलेले असत. त्यांच्या हातची फोमची एकही कड कधी सरळ निघाली नाही, म्हणून त्यांच्या हाती कात्री द्यायची नाही, असा दुकानाचा पक्का नियम होता. तिसरं माणूस म्हणजे मावशींची भाची. थोरल्या बहिणीची मुलगी, वय चोवीस, गॅरेजमध्ये मेकॅनिक, आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणारी. तिच्या गाडीची सीट मावशींनीच केली होती. फोम तासून तासून पातळ केला होता, वर न घसरणारं रेग्झीन. पण शर्यत बघायला मात्र त्या एकदाही गेल्या नव्हत्या. "सीट मी करीन," त्या म्हणत, "पण वाऱ्याशी भांडत तिच्यावर बसलेली तू माझ्या नजरेला पडू नकोस."

एका रविवारी दुपारी फोन आला. भाची सहाव्या वळणावर घसरली होती. मावशी आणि काका रिक्षा करून दवाखान्यात पोचले, तेव्हा ती पलंगावर टेकून बसली होती, डावा हात गळ्यात बांधलेला. कॉलरबोन मोडलं होतं, बाकी ठीक होती. मावशींचा जीव भांड्यात पडला. पलंगाशी गेल्या, आणि सवयीने हात आपोआप गादीकडे गेला.

"मावशी, हसवू नकोस गं," भाची कळवळली. "हसलं की दुखतं."

"आपटलीस कशावर?"

"कडेच्या गादीवर. वळणावर लावलेल्या असतात ना मोठमोठ्या, त्यावर."

"गादीवर पडून हाड मोडतं का कुणाचं?"

"गादीने नाही मोडलं. घसरत गेले, गादीला थडकले, आणि तिने मला चेंडूसारखं उचलून परत ट्रॅकवर फेकलं. डांबरावर खांद्यावर पडले. मागून दोन गाड्या येत होत्या, एक डावीकडून गेली, एक उजवीकडून."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मावशींनी मात्र गादीवरचा हात काढून घेतला. मग त्यांनी विचारलं, "कोणी शिवलीय ती गादी?"

"घ्या," काका म्हणाले. "आता ट्रॅकवाल्यांची काही खैर नाही."

मंगळवारी मावशी बसने ट्रॅकवर गेल्या. पिशवीत टेप, खडू आणि दाभण. फाटकावरच्या रखवालदाराला त्यांनी सांगितलं, "मला तुमची सहाव्या वळणाची गादी बघायचीय," आणि ते इतक्या सरळपणे सांगितलं की त्याने कोण, कुठून हे न विचारताच आत फोन लावला.

ट्रॅकच्या सुरक्षेचं काम बघणारे अधिकारी आले. सडसडीत, गळ्यात शिट्टी, उन्हाने रापलेले. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. भाचीचं नाव निघताच त्यांचा चेहरा उतरला. "त्या पडल्या त्या दिवसापासून मलाही झोप नाही," ते म्हणाले, आणि मावशींना स्वतः घेऊन गेले.

सहाव्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला गाद्यांची ओळ उभी होती. एकेक गादी माणसाच्या उंचीची, दोन हात जाड. आत फोम, वर ताडपत्रीसारखं जाड कापड, चारी बाजूंनी चिकटवून गच्च बंद केलेलं. काम कसं सुबक होतं. मावशींनी आधी कोपराने दाबलं. मग पिशवी खाली ठेवली, चार पावलं मागे गेल्या आणि पाठ वळवून गादीवर अंग टाकलं. गादीने त्यांना धप्पकन पुढे ढकललं. साहेबांनी धरलं म्हणून बरं.

"साहेब, हिचा श्वास कोंडलाय," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आत फोम आहे, आणि फोमात हवा. माणूस आदळला की फोम दबणार, पण हवेने जायचं कुठून? तुम्ही सगळी दारं बंद केलीत. मग ती गादी राहत नाही, फुगवलेला चेंडू होते."

"पाणी शिरू नये म्हणून बंद ठेवतात, मावशी. मोठ्या कारखान्यातून आल्यात या."

"कारखान्यातल्या माणसाला हिच्यावर पडायचं नाहीये ना. आमच्याकडे रेग्झीनच्या सोफ्याला बसायच्या गादीखाली जाळीचं कापड लावतात. कोणी बसलं की हवा खालून निघून जाते. नाहीतर चार दिवसांत शिवण फाटते."

साहेब हसले. "सोफ्यावर लोक बसतात हो. इथे ताशी शंभरच्या वेगाने येतात."

"म्हणूनच तर जाळी मोठी लागेल," मावशी म्हणाल्या.

साहेब हसायचे थांबले. त्यांनी गादीकडे पाहिलं, मग मावशींकडे. "गुरुवारी समितीची बैठक आहे," ते म्हणाले. "हेच तिथे येऊन सांगाल?"

मावशींना भाषण करता येत नव्हतं. म्हणून त्यांनी खुर्चीच्या मापाच्या दोन गाद्या शिवल्या, दिसायला अगदी जुळ्या. एक चारी बाजूंनी बंद, दुसरीच्या तळाला जाळी. गुरुवारी त्या समितीच्या खोलीत गेल्या. पाच जण होते. अध्यक्ष म्हणजे एकेकाळचे शर्यतवीर, आता देहाने चांगलेच भरलेले. मावशींनी बंद गादी त्यांच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, "बसा की. जरा जोरात बसा."

अध्यक्ष जोरात बसले. गादीने त्यांना पार उजवीकडे कलंडवलं आणि ते शेजारच्या सभासदाच्या मांडीवर जाऊन विसावले. खोलीत कोणाला हसू आवरेना. मावशींनी गादी बदलली. या वेळी 'हुश्श' असा लांब आवाज झाला आणि अध्यक्ष असे आत रुतले, की उठायला दोघांनी हात द्यावा लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "करा हो. एक गादी करून बघा. मला ही घरी पण एक पाहिजे."

मावशींनी एका जुन्या गादीची पाठ उसवली आणि तिथे मजबूत जाळीच्या तीन पट्ट्या बसवल्या, दुहेरी शिलाईने. चाचणीसाठी ट्रॅकच्या कामगारांनी जुन्या शर्यतीच्या पोशाखात वाळू भरून एक माणूस केला. त्याचं नाव त्यांनी 'पाहुणा' ठेवलं. पाहुण्याला चाकांच्या फळीवर बसवून मातीच्या उतारावरून सोडायचं, तो खाली गादीवर जाऊन आदळायचा. जुन्या गादीने पाहुण्याला पाच पावलं मागे भिरकावलं. नव्या गादीने 'हुश्श' केलं आणि त्याला पोटाशी धरून ठेवलं. कामगारांनी शिट्ट्या मारल्या. मावशी टेप घेऊन खळगा किती खोल पडला ते मोजत होत्या.

पण दोन दिवसांनी ट्रॅक धुवायचा टँकर आला. पाण्याचा फवारा कडेच्या गाद्यांवरही उडाला. दुसऱ्या दिवशी पाहुण्याला पुन्हा सोडलं, तर भिंतीवर पोतं आपटावं तसा आवाज झाला. जाळीतून पाणी आत गेलं होतं आणि फोम भिजून दगड झाला होता. साहेबांनी नुसता पाहुणा उचलून बाजूला ठेवला. ते रागावले असते तर मावशींना बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्या मशीनपुढे नुसत्या बसून राहिल्या. भाचीने एका हाताने चहा करून आणला, तो तसाच निवला.

"हवा गेली पाहिजे आणि पाणी आलं नाही पाहिजे," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. "एकाच दाराने. कसं व्हायचं ते?"

काकांनी पेपर खाली केला. "एवढंच ना? माझ्या रेनकोटासारखं कर."

"तुमच्या कुठल्या रेनकोटासारखं?"

"पोस्टाचा गं. पाठीवर जाळी, आणि जाळीवरून झालर सोडलेली. झालर वरच्या बाजूला शिवलेली, खालून मोकळी. सव्वीस वर्षं पावसात पत्रं वाटली. पाठ कधी भिजली नाही आणि वाफही कोंडली नाही."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग ताडकन उठल्या, आतल्या खोलीतून तो खाकी रेनकोट आणला आणि कात्रीने त्याची पाठ उसवायला लागल्या.

"अगं, निदान विचार तरी!" काका ओरडले.

"विचारलं असतं तर दिला असतात का?"

"नसता दिला."

"मग?" मावशी म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

झालरीची गादी टँकरखाली तासभर ठेवली. आत हात घातला तर फोम कोरडा. पाहुणा आदळला, आतली हवा झालर उडवत बाहेर आली, आणि तो आत रुतून बसला. या वेळी साहेबांनी मावशींचे दोन्ही हात धरले आणि हलवतच राहिले.

सहाव्या वळणासाठी बत्तीस गाद्या हव्या होत्या. ट्रॅकवरची एक शेड रिकामी केली, मशिनी मांडल्या. मावशींनी दप्तरं शिवणाऱ्या दोघी आणि एक तंबूवाली बोलावून घेतली. भाची बऱ्या हाताने खडूच्या खुणा करायची. काका दोरे ओवायचे, आणि ते काम त्यांना खरोखर सुंदर जमायचं. साहेबही येऊन बसायचे आणि चुकीच्या जागी टाके घालायचे. मावशी ते बिनदिक्कत उसवायच्या. "तुमची शिट्टी बरी," त्या म्हणायच्या. शेडमध्ये इतका हशा चालायचा की सरावाला आलेले स्वार हेल्मेट काखेत मारून दारात उभे राहायचे, आपल्याला झेलणाऱ्या गाद्या कशा होतात ते बघत.

शर्यतीच्या दिवशी मावशी आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकवर बसल्या, सहाव्या वळणासमोर, झेंडेवाल्यांच्या शेजारी. "मी शर्यत बघायला आले नाही," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "मी गाद्या बघायला आलेय." गाड्या आल्या की त्या डोळे मिटायच्या, गेल्या की उघडायच्या.

सातव्या फेरीला त्यांचे डोळे नेमके उघडे होते. पिवळ्या पोशाखातल्या एका स्वाराचं मागचं चाक निसटलं. गाडी एकीकडे गेली, तो खडीतून गरगरत थेट गाद्यांवर. पलीकडून लांब, खोल 'हुश्श' ऐकू आला, आणि चार गाद्यांच्या झालरी एकदम वर उडाल्या. तो स्वार आपटला तिथेच राहिला, ट्रॅकपासून दूर, खळग्यात मान टेकून. झेंडेवाले धावले. ते पोचायच्या आत तो उठून बसला, मग उभा राहिला, हातपाय हलवून बघितले, आणि वळून गादीला दोन थापा मारल्या, जशा आपण जवळच्या मित्राच्या पाठीवर मारतो.

मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. साहेब धावत आले. "मावशी, बघितलंत?"

"बघितलं," मावशी पदराने नाक पुसत म्हणाल्या. "त्याच्या बुटाने कापड फाटलं असेल. दाभण द्या."

वर्षभरात ट्रॅकच्या सगळ्या वळणांवर झालरीच्या गाद्या लागल्या. पाठोपाठ दुसऱ्या दोन ट्रॅकांवरून माणसं माप घेऊन आली. दप्तरवाल्या आणि तंबूवाली आता मावशींच्या भागीदार झाल्या होत्या. भाचीचा खांदा भरून आला, ती पुन्हा उतरली आणि पहिल्याच शर्यतीत तिसरी आली.

शेवटच्या वळणावरची शेवटची गादी बसली, त्या दुपारी साहेबांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला ट्रॅककडून काय देऊ?"

मावशींनी थोडा विचार केला. "एक फेरी," त्या म्हणाल्या.

भाचीच्या रोजच्या मोटरसायकलवर त्या मागे बसल्या. डोक्यावर हेल्मेट, पदर कमरेला घट्ट खोचलेला. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी भाचीला असं आवळून धरलं की ती ओरडली, "मावशी, श्वास घेऊ दे मला!" दुसऱ्या वळणाला पकड थोडी सैल झाली. चौथ्या वळणानंतर मागून आवाज आला, "एवढीच पळते का ही?"

"जोरात जाऊ?"

"जा की! गाद्या कोणाच्या आहेत?"

भाचीने गाडी सोडली. वारा हेल्मेटात भणभणायला लागला, आणि शेडच्या दारात उभ्या असलेल्या बायकांना साऱ्या ट्रॅकवर घुमणारा मावशींचा आरडाओरडा ऐकू आला, घाबरलेला मुळीच नव्हे. शेवटच्या रेषेवर काका चौकटींचा झेंडा घेऊन तयार होते. गाडी जवळ आली तसा त्यांनी तो जिवाच्या आकांताने फडकवला.

मावशींनी त्यांना हात केला, भाचीच्या खांद्यावर थोपटलं, आणि दोघी न थांबता सुसाट पुढच्या फेरीला निघून गेल्या.