नाल्यापलीकडच्या कुत्र्यावरचा आळ

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की चहा मागवायचो, नाहीतर पीकपाण्यावर बोलायचो. आता गुडघे शेतापर्यंत नेत नाहीत. अंगणातल्या खाटेवर बसून असतो, आणि टाळायला दुसरा विषयही उरलेला नाही.

आर्णीच्या बाजूला आमचं शेत. कपाशी, तूर, आणि नाल्याकडच्या पट्ट्यात सोयाबीन. सोयाबीन वर आलं की रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप उतरायचे. घोड्याएवढं जनावर, खाण्यापेक्षा तुडवूनच जास्त नासधूस करतं. त्यांना आवरायला माझ्याकडे एक तांबूस कुत्री होती. ती उगाच भुंकत नसे. वाऱ्याची बाजू धरून पोटावर सरकत जायची आणि अगदी जवळ पोचल्यावर एकदम उठायची. कळप धुऱ्यापार, म्हणजे बांधापलीकडे, झाला की स्वतः धुऱ्यावर बसायची. पलीकडे एक पाऊल नाही. "तलाठ्यापेक्षा इले हद्द समजते," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. दुपारी भाकरीचा तुकडा टाकला, तरी मी घास घेतल्याशिवाय ती आपला उचलायची नाही.

तिच्या तोंडावर पांढरे केस दिसायला लागले, तसं मला वाटू लागलं, हिचं एखादं पिल्लू राहिलं पाहिजे.

नाल्यापलीकडे एका ताईंचं शेत होतं. माझ्याहून थोड्या मोठ्या. नवरा लवकर गेला, शेती आणि शेळ्या एकटीने सांभाळल्या. त्यांचा काळा कुत्रा शेळ्या राखायचा. त्याचं पिल्लू मिळावं म्हणून नेरकडून माणसं यायची, आणि ताई बहुतेकांना चहा पाजून परत पाठवायच्या. माझ्या कुत्रीसाठी तो काळा मागायला मी गेलो तेव्हा त्यांनी मला सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं बाजेवर बसवलं.

"पोरीची माय कोनती?"

"तांड्यावरची. तेबी राखनदारच होती."

"नात्यात तं नाई ना येत माह्या पोराच्या?"

"नाही ताई. दुसऱ्या गावचा तांडा."

"पिल्लं कोन नेनार, ठरलं काय? नाईतर बस स्टँडवर सोडून द्याल, अन् म्हनाल, पोट भरतील आपलं."

"घरं ठरली. मीच पाहून ठेवली."

"मानसाले चावते?"

"फक्त जावयाकडे पाहून गुरगुरते."

ताई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "अन् भाऊ, खरं सांगजा. इले कधी झटका, मिरगी?"

"छे. ठनठनीत हाये."

मी कपाशीत ते दोनदा पाहिलं होतं. चालता चालता ती आडवी झाली, पाय हवेत मारू लागली, तोंडाला फेस आला. थोड्या वेळाने उठली आणि काही चूक झाल्यासारखी मान खाली घालून माझ्या पायाशी आली. पहिल्यांदा मी म्हटलं, ऊन लागलं. दुसऱ्यांदा थंडीचे दिवस होते. ताईंनी विचारलं, तेव्हा मला हो म्हणता आलं असतं. पण हो म्हटलं असतं तर ताईंनी चहा पाजून मलाही परत पाठवलं असतं, आणि माझ्या कुत्रीचा वंश तिच्यापाशीच संपला असता.

पिल्लं झाली. आमच्याकडे एक रीत आहे: पिल्लू नेणाऱ्याने आधी त्याच्या आईला जेवू घालायचं आणि तिची माफी मागायची. ताई परातभर ज्वारीच्या कण्या गूळ घालून शिजवून घेऊन आल्या. कुत्री खात असताना तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाई, लेकरू नेऊन राह्यली तुहं. माफ कर. उपाशी नाई ठेवनार." आणि पांढऱ्या पायाचं पिल्लू पदरात घेऊन नाला ओलांडून गेल्या.

ते पिल्लू शेळ्यांत छान रुळलं. वर्षभराचं झालं आणि झटके सुरू झाले. एकदा ते कळपातच पडलं, शेळ्या बुजून पांगल्या आणि एक पाट, म्हणजे तरणी शेळी, विहिरीत गेली. ताईंनी पिल्लाला रिक्षात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे बहुतेक रक्तातून येतं, दोन्हीकडची चौकशी करा.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

"भाऊ, तुमच्या कुत्रीले तं काही नाई. म्हंजे खोट माह्याच कुत्र्यात हाये. मले मालूम नोतं हो." मग माझ्या कुत्रीसमोर उकिडव्या बसल्या. "बाई, माह्या पोरानं तुह्या लेकराले दुखनं देल्लं. माफ कर."

कुत्रीने त्यांचा हात चाटला. मी म्हटलं, "चहा मांडतो."

त्यांनी काळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. गावोगाव सांगितलं, याच्या पिल्लांची पिल्लं घेऊ नका. मीही माझ्या कुत्रीचं ऑपरेशन केलं. लोकांना सांगितलं, वय झालं. बाकीची पिल्लं नेलेल्यांना म्हटलं, पुढे वाढवू नका. त्यांनी कारण विचारलं नाही; ताईंकडून ते त्यांना आधीच कळलं होतं.

पांढऱ्या पायाचं पिल्लू गोळ्यांवर बरीच वर्षं जगलं. ताई त्याला चुलीजवळ पोत्यावर ठेवायच्या आणि लाडाने 'साहेब' म्हणायच्या. मी सांगायला म्हणून कितीदा नाला ओलांडला. साहेब शेपूट हलवायचे, ताई चहा ठेवायच्या, आणि मी साहेबांची तब्येत विचारून परत यायचो.

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. बुद्धवंदना झाल्यावर मंडपात लोक त्यांच्या शेळ्यांबद्दल, कुत्र्यांबद्दल बोलत होते. एक जण म्हणाला, "काळा लय कामाचा होता, पन रक्त खराब निंघालं." सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली.

ताई, झटके माह्या कुत्रीले येत होते. मले मालूम होतं. तुमच्या काळ्याचं रक्त साफ होतं. मले माफ करजा.